दोन डोळ्यांचे रीळ

थ्री-डी चित्रपट दर पिढीत एकदा येतो, गाजतो आणि ओसरतो, असे म्हणायची आता सवय झाली आहे. ओसरण्याचे खापर दर वेळी चष्म्यावर फुटते. लोकांना चष्मा नको असतो, डोके दुखते, नवलाई संपते, ही कारणे ठरलेली. मला ती अपुरी वाटतात. कॅमेरे, रिळे, लेन्स आणि प्रोजेक्टर यांचा हिशेब एकत्र मांडला की वेगळेच चित्र दिसते. दोन डोळ्यांसाठी दोन चित्रे टिपण्याचा प्रश्न बराच लवकर सुटला होता. तीच दोन चित्रे गावोगावच्या थिएटरांत, रोज तीन-चार खेळ, तितक्याच अचूकपणे पडद्यावर टाकायची कशी, हा प्रश्न मात्र रिळाचे युग संपत आले तरी पुरता सुटला नव्हता. दोन चित्रांसाठी दोन पट्ट्या वापरायच्या की एकाच पट्टीवर दोन्ही बसवायची, या पेचाभोवतीच फिल्मवरच्या थ्री-डीचा सारा इतिहास फिरतो.

मूळ कल्पना साधी आहे आणि ती चलच्चित्रापेक्षाच काय, छायाचित्रणाच्या जाहीर घोषणेपेक्षाही जुनी आहे. माणसाच्या दोन डोळ्यांत साधारण ६५ मिलिमीटर अंतर असते, त्यामुळे दोघांना दिसणारे दृश्य किंचित वेगळे असते आणि त्या फरकावरून मेंदू खोलीचा अंदाज बांधतो. इंग्रज शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये रॉयल सोसायटीपुढे हे मांडले. आरशांचे एक उपकरण करून दोन सपाट रेखाकृतींतून घनाकृती दिसते, हेही त्यांनी सिद्ध केले. पुढे डेव्हिड ब्रूस्टर यांनी भिंगांचा सुटसुटीत स्टिरिओस्कोप काढला. १८५१ च्या लंडनच्या महाप्रदर्शनात तो व्हिक्टोरिया राणीला आवडला आणि मग घराघरांतल्या दिवाणखान्यांत पोचला. आपल्याकडे लहानपणी व्ह्यू-मास्टर डोळ्यांना लावून ज्यांनी दांडी खाली ओढली आहे, त्यांनी हेच तत्त्व अनुभवले आहे.

स्टिरिओस्कोपात मात्र एक मोठी सोय असते. प्रत्येक डोळ्यासमोर त्याचे स्वतःचे चित्र असते आणि मधे आडपडदा असतो. सिनेमागृहात शेकडो माणसे एकाच पडद्याकडे पाहतात, तिथे दोन्ही चित्रे एकमेकांवरच टाकावी लागतात आणि नंतर ती डोळ्यांपाशी निवडावी लागतात. ही निवड करण्याच्या बहुतेक सगळ्या युक्त्या आधीच सुचून गेल्या होत्या. फ्रान्समध्ये द'अल्मेडा यांनी १८५८ मध्येच दोन दीपांतून लाल आणि हिरवी चित्रे टाकून रंगीत काचांतून ती वेगळी करून दाखवली होती. याच पद्धतीने काढलेला 'द पॉवर ऑफ लव्ह' हा चित्रपट सप्टेंबर १९२२ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये दाखवला गेला. पैसे देऊन आलेल्या प्रेक्षकांसमोर झालेला हा पहिला थ्री-डी कथापट मानला जातो. त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूयॉर्कला लॉरेन्स हॅमंड यांनी 'टेलिव्ह्यू' मांडला. त्यात डावे आणि उजवे चित्र आलटून पालटून पडद्यावर येई आणि प्रत्येक खुर्चीला जोडलेल्या दर्शकयंत्रातली फिरती झडप त्याच लयीत एकेक डोळा झाकत जाई. पुढे याच हॅमंड यांचे नाव ऑर्गनमुळे जगभर झाले. टेलिव्ह्यूचे तंत्र चोख होते, पण अख्ख्या थिएटरातल्या खुर्च्यांना विजेची यंत्रे बसवणार कोण? ते एकाच थिएटरापुरते राहिले.

खरा मार्ग ध्रुवीकरणाने मोकळा केला. प्रकाशाच्या कंपनांना एक दिशा देऊन त्यांच्यावरून चित्रे वेगळी करावीत, ही कल्पना जॉन अँडर्टन यांनी १८९१ मध्येच पेटंटात मांडली होती. तेव्हा त्यासाठी स्वस्त गाळणी नव्हती. एडविन लँड यांनी १९२९ मध्ये ध्रुवीकरण करणाऱ्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याच्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यातून पुढे पोलरॉइड कंपनी उभी राहिली आणि चित्र रंगीत ठेवूनही दोन डोळ्यांची वाटणी करता येऊ लागली. १९३९ च्या न्यूयॉर्क जागतिक प्रदर्शनात क्रायस्लर कंपनीच्या दालनात जॉन नॉर्लिंग यांचा ध्रुवीकृत थ्री-डी लघुपट लोकांनी गर्दी करून पाहिला. इथून पुढे पडदाही बदलावा लागला. साध्या पांढऱ्या पडद्यावर आपटून परतताना प्रकाशाचे ध्रुवीकरण विस्कटते आणि एका डोळ्याचे चित्र दुसऱ्यात झिरपते. चंदेरी रंग दिलेला पडदा ते टिकवतो. म्हणून थ्री-डी दाखवायची तर चंदेरी पडद्याचा खर्च आला, आणि तो थिएटरच्या मालकाच्या खिशातून.

कॅमेऱ्याचे काम यामानाने लवकर मार्गी लागले. नोव्हेंबर १९५२ मध्ये आलेल्या आर्च ओबोलर यांच्या 'ब्वाना डेव्हिल'ने हॉलिवूडमध्ये थ्री-डीची लाट आणली. आफ्रिकेतल्या त्सावोच्या नरभक्षक सिंहांची ही गोष्ट. युगांडा रेल्वेच्या कामावरच्या ज्या मजुरांना त्या सिंहांनी खाल्ले, त्यांत आपल्या देशातून नेलेले मजूर मोठ्या संख्येने होते. या चित्रपटासाठी मिल्टन गन्झबर्ग यांची 'नॅचरल व्हिजन' यंत्रणा वापरली. दोन मिचेल कॅमेरे एकमेकांकडे तोंड करून ठेवलेले, मधे ४५ अंशांत दोन आरसे आणि दोन्ही कॅमेरे त्या आरशांतून पुढचे दृश्य टिपणार, अशी तिची मांडणी होती. अवजड कॅमेरे शेजारी शेजारी ठेवले तर त्यांच्या लेन्समधले अंतर फारच वाढते. आरशांमुळे ते साडेतीन इंचांवर आणता आले. तरीही हे अंतर डोळ्यांतल्या अंतरापेक्षा जास्त होते आणि जवळची दृश्ये अवघड जात. जवळच्या वस्तूचे अंतर लेन्समधल्या अंतराच्या तीसपट तरी असावे, असा छायाचित्रकारांचा ढोबळ नियम आहे. साडेतीन इंचांच्या तीसपट म्हणजे जवळपास नऊ फूट. 'डायल एम फॉर मर्डर'मध्ये आल्फ्रेड हिचकॉक यांना फोनची तबकडी फिरवणारे बोट अगदी जवळून हवे होते, पण थ्री-डीचा धूड कॅमेरा तितका जवळ जाईना. शेवटी त्यांनी भलामोठा फोन आणि त्याच मापाचे भलेमोठे बोट बनवून घेतले. अशा तडजोडी करूनही चित्रीकरण उत्तम होऊ शकले. एप्रिल १९५३ च्या 'हाउस ऑफ वॅक्स'चे दिग्दर्शक आंद्रे दे टॉथ यांना एकाच डोळ्याने दिसत असे, तरी तो चित्रपट त्या काळातल्या सर्वांत नेटक्या थ्री-डी चित्रपटांत गणला जातो. १९५२ ते १९५५ या काळात अमेरिकेत पन्नासच्या आसपास थ्री-डी कथापट आले आणि त्यांतले कित्येक आजही पाहताना डोळ्यांना त्रास होत नाही.

मग तेव्हाच्या प्रेक्षकाचे डोके का दुखले? त्यासाठी थिएटरातल्या प्रोजेक्टरच्या केबिनमध्ये डोकावले पाहिजे.

साध्या चित्रपटासाठी केबिनमध्ये दोन प्रोजेक्टर असत. एकावर रीळ संपत आले की ऑपरेटर दुसऱ्यावरचे सुरू करी आणि प्रेक्षकाला पत्ताही लागत नसे. थ्री-डीत डाव्या डोळ्याचे रीळ एका प्रोजेक्टरवर आणि उजव्याचे दुसऱ्यावर, त्यामुळे दोन्ही यंत्रे एकदम अडकली. पालटायला तिसरे यंत्र नाही. मग जवळपास ५,००० फुटांची अजस्र रिळे चढवायची. ३५ मिलिमीटरची फिल्म मिनिटाला ९० फूट धावते, म्हणजे पाऊण-एक तासाने खेळ थांबवून नवी जोडी चढवणे आले. आपल्याकडे मध्यंतर हा नेहमीचाच भाग, पण अमेरिकन प्रेक्षकाला दीड तासाच्या चित्रपटात ते उपरे वाटे. दोन्ही यंत्रांच्या मोटारी विजेने किंवा दांड्याने एकमेकींना जखडलेल्या असत, म्हणजे एकदा बरोबर सुरू झाल्या की बरोबर राहत. प्रश्न सुरू होण्याचाच होता. फिल्म चढवताना एका फ्रेमची चूक झाली तरी पुढचा सगळा खेळ चुकीचा.

एक फ्रेम म्हणजे सेकंदाचा चोविसावा भाग, एवढ्याने काय होते, असे कोणालाही वाटेल. हिशेब करून पाहू. १० मीटर रुंदीचा पडदा २ सेकंदांत ओलांडणारी गाडी एका फ्रेममध्ये सुमारे २१ सेंटिमीटर सरकते. म्हणजे एका डोळ्याची गाडी दुसऱ्या डोळ्याच्या गाडीपासून २१ सेंटिमीटर दूर दिसणार, आणि आपल्या डोळ्यांतले अंतर आहे साडेसहा सेंटिमीटर. गाडी एका दिशेने गेली तर ती भलतीच पुढे येते, उलट दिशेने गेली तर डोळ्यांना एकमेकांपासून फाकावे लागते, आणि तसे ते फाकत नाहीत. प्रेक्षकाला यातले काही उमगत नाही. त्याला फक्त कपाळात कळ येते आणि तो चष्म्याला बोल लावतो.

फिल्म तुटली की आणखी एक संकट उभे राही. साध्या चित्रपटात तुटलेले चार फ्रेम कापून टाकले आणि जोड दिला की काम झाले. किंचित झटका बसे, इतकेच. थ्री-डीत डाव्या रिळातले चार फ्रेम गेले तर उजव्यातले नेमके तेच चार कापायला हवेत, नाहीतर डाव्यात तितक्याच लांबीचा काळा तुकडा घालायला हवा. रात्रीच्या शेवटच्या खेळाला, कार्बनच्या दिव्याच्या उकाड्यात, पगार तोच असताना, किती ऑपरेटरांनी हे फ्रेम मोजून केले असेल? एका थिएटरातून दुसऱ्याकडे प्रिंट जाताना प्रत्येक मुक्कामाची अशी एखादी चूक रिळात साचत गेली. पोलरॉइडच्या तंत्रज्ञांनी चालू खेळात ही चूक ओळखून दुरुस्त करण्याचे साधन तयार केले, पण तोवर १९५४ उजाडले होते. दरम्यान सप्टेंबर १९५३ मध्ये 'द रोब' घेऊन सिनेमास्कोप आला. तो रुंद होता आणि त्याला चष्मा लागत नव्हता, अशी त्याची जाहिरातही झाली. थिएटरच्या मालकाच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे एक रीळ, एक प्रोजेक्टर आणि पुढे लावायची एक जादा लेन्स एवढ्यात काम भागत होते. १९५४ मध्ये 'डायल एम फॉर मर्डर' आला तेव्हा बहुतेक ठिकाणी तो सपाटच दाखवला गेला. दोन पट्ट्यांची पद्धत सर्वांत सुंदर चित्र देत होती, याबद्दल मला शंका नाही. रोजच्या धंद्यात ती टिकणे मात्र अशक्य होते.

दोन्ही चित्रे एकाच पट्टीवर घेतली तर ती एकमेकांपासून सुटण्याचा प्रश्नच मिटतो. जर्मनीत झाइस आयकॉनने १९३७ मध्ये असा एक लघुपट दाखवला होता. सोव्हिएत संघाने वेगळी वाट धरली: सेम्यॉन इवानोव यांनी हजारो बारीक तांब्याच्या तारांचा जाळीदार पडदा करून १९४१ मध्ये मॉस्कोत चष्म्याशिवायचा थ्री-डी दाखवला आणि १९४७ मध्ये 'रॉबिन्सन क्रूसो' आला. डोके जरा हलले की चित्र मोडे, त्यामुळे खास बांधलेल्या थिएटरांबाहेर ते फारसे गेले नाही. पुढे तिथेच ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर दोन चित्रे शेजारी बसवणारी 'स्टिरिओ-७०' पद्धत रुजली, आणि ती दीर्घकाळ चालली.

हौशी मंडळींसाठी स्वित्झर्लंडच्या बोलेक्सने पन्नाशीच्या सुरुवातीला काढलेली जोडी मला विशेष आवडते. १६ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यापुढे केर्न कंपनीची दुहेरी लेन्स बसवायची आणि घरी प्रोजेक्टरवर त्याच कुळातली २० मिलिमीटरची दुहेरी लेन्स, पुढे ध्रुवीकरणाच्या काचा लावून. चित्रे मात्र उभट येत, कारण १६ मिलिमीटरची आधीच लहान फ्रेम मधोमध उभी चिरली जाई. पण टिपणारी आणि टाकणारी लेन्स एकमेकींसाठीच घडवलेली होती, आणि जोडीतली एक हरवली तर दुसरीचा निम्मा अर्थ जातो. आज जुन्या बाजारात ही लेन्स घेणाऱ्याने प्रथम ध्रुवीकरणाच्या काचा पाहाव्यात. बहुधा त्याच आधी पिवळ्या पडून सुटतात.

व्यवसायात एक पट्टी खऱ्या अर्थाने आणली ती रॉबर्ट बर्निअर यांच्या 'स्पेस-व्हिजन'ने, १९६६ च्या 'द बबल'मधून. दिग्दर्शक पुन्हा आर्च ओबोलरच होते. यात दोन्ही चित्रे एकाच फ्रेमच्या जागेत वर-खाली बसवलेली होती. ख्रिस कॉन्डन यांच्या 'स्टिरिओव्हिजन'ने १९६९ मध्ये आधी शेजारी शेजारी दाबलेली चित्रे वापरली आणि पुढे तेही वर-खाली मांडणीकडे वळले. ऐंशीच्या दशकातली लाट याच मांडणीवर उभी राहिली.

त्या काळातला फिल्मचा एखादा तुकडा उजेडासमोर धरला तर युक्ती लगेच ध्यानात येते. ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर एका फ्रेमला कडेची चार भोके, म्हणजे १९ मिलिमीटर उंची. इथे त्या एका फ्रेमच्या जागेत दोन रुंद, बुटकी चित्रे एकावर एक बसवलेली असतात, प्रत्येकाच्या वाट्याला दोन भोके. पहिल्या नजरेला ती हुबेहूब सारखी वाटतात. कडेला जवळचा खांब किंवा कोणाचा हात असेल तिथे बारकाईने पाहिले की एका चित्रात तो किंचित सरकलेला सापडतो. सारी खोली या सरकण्यात साठवलेली असते. जवळपास २१ मिलिमीटर रुंदीचे हे चित्र १० मीटर पडद्यावर नेले की ते सुमारे ४८० पट मोठे होते. मागच्या डोंगराच्या दोन प्रतिमा पडद्यावर डोळ्यांतल्या अंतराएवढ्या, म्हणजे ६५ मिलिमीटर दूर हव्यात, तर फिल्मवर त्यांच्यातला फरक ०.१३५ मिलिमीटर असायला हवा. त्याहून वाढला की डोळे फाकवावे लागतात. आणि लेन्सच्या जडणघडणीत दोन चित्रे ०.०२ मिलिमीटरने वर-खाली झाली, तर पडद्यावर एक सेंटिमीटरचा फरक पडतो. आडवा फरक मेंदू खोली म्हणून वाचतो. उभ्या फरकाचा त्याला काहीच अर्थ लावता येत नाही आणि डोळ्यांचे स्नायू नाहक ओढले जातात.

थिएटरात प्रोजेक्टर तोच, रीळ नेहमीसारखेच. बदलते ती फक्त लेन्स. ही प्रक्षेपण लेन्स गेटमधले, म्हणजे फिल्म दिव्यासमोरून जाते त्या चौकटीतले, वरचे आणि खालचे चित्र वेगळे उचलते, प्रत्येकाला त्याच्या गाळणीतून नेते आणि पडद्यावर एकमेकांवर नेमके बसवते. प्रत्येक थिएटरात केबिन ते पडदा हे अंतर वेगळे असते, म्हणून ही बसणी जागेवर जाऊन जुळवावी लागते. मालकाच्या दृष्टीने हा मोठा दिलासा होता. फिल्म तुटली, चार फ्रेम कापले, जोड दिला, तरी दोन्ही डोळ्यांचे तेच फ्रेम गेले.

उणिवाही तशाच पक्क्या होत्या. दिव्याचा झोत गेटच्या मध्यावर सर्वांत प्रखर असतो, आणि इथे मध्यावर येते ती दोन चित्रांमधली रेघ. म्हणजे वरच्या चित्राची वरची बाजू आणि खालच्या चित्राची खालची बाजू अंधूक राहते आणि दोन डोळ्यांना उजेड विरुद्ध टोकांना कमी मिळतो. एकूण उजेडही तुटपुंजाच असतो. दिव्याचा निम्माच प्रकाश एका डोळ्याच्या चित्रातून जातो, गाळणी त्यातला निम्म्याहून अधिक खाते आणि चष्मा आणखी थोडा. चंदेरी पडद्याने भरपाई होते, पण दिवा जुना आणि पडदा मळका असेल तर सूर्यप्रकाशातले दृश्यही संध्याकाळचे वाटते. तिसरी उणीव सर्वांत घातक. ऑपरेटरने फ्रेम बसवताना दोन भोकांची चूक केली, किंवा फिल्म जोडताना मधूनच कापली, तर डावे चित्र उजव्या डोळ्याला आणि उजवे डाव्याला जाते. मग जवळचे दूर आणि दूरचे जवळ होते, नटाच्या पुढ्यातला खांब त्याच्या पाठीमागे पडतो, आणि डोळे ते कितीही केले तरी स्वीकारत नाहीत.

भारतात थ्री-डी आले ते याच मांडणीतून. केरळच्या नवोदय संस्थेने काढलेला, जिजो पुन्नूस यांनी दिग्दर्शित केलेला 'माय डिअर कुट्टिचात्तन' ऑगस्ट १९८४ मध्ये प्रदर्शित झाला. कॉन्डन यांच्या स्टिरिओव्हिजनची लेन्स त्यासाठी आणली होती आणि छायाचित्रण अशोक कुमार यांचे होते. मुले खोलीच्या भिंतींवरून आणि छतावरून चालत जातात, त्या गाण्यासाठी आख्खी खोलीच फिरवता येईल असा पोलादी सांगाडा उभारला. दोन प्रोजेक्टर जखडून चालवायची पाळी आली असती तर लहान गावांतल्या थिएटरांपर्यंत हा चित्रपट पोचलाच नसता; लेन्स, पडदा आणि चष्मे यांची तजवीज केली की तो तिथे लावता येत होता. चष्म्यांमुळे डोळे येतात अशी अफवा उठली, तेव्हा चष्मे दर खेळानंतर निर्जंतुक केले जातात हे नामवंत नटांच्या तोंडून प्रेक्षकांना पडद्यावरच सांगितले गेले. प्रेक्षकाला विश्वासात घेण्याची ही काळजी मला तंत्राइतकीच महत्त्वाची वाटते. मराठी प्रेक्षकाला हा चित्रपट 'छोटा चेतन' या हिंदी नावाने माहीत आहे. पाठोपाठ १९८५ मध्ये 'शिवा का इन्साफ' आणि रामसे बंधूंचा 'सामरी' आले. त्यांत वस्तू प्रेक्षकाच्या अंगावर फेकण्यावरच भर राहिला, आणि जिथे खोली सावकाश मांडायची तिथे चित्रकर्त्यांची घाई दिसते. मराठीत पहिला थ्री-डी चित्रपट यायला २०१३ उजाडावे लागले. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला २' आला तोवर डिजिटल प्रोजेक्टरचे दिवस आले होते.

डिजिटलने केबिनचा प्रश्न सोडवला. एकच प्रोजेक्टर डावे-उजवे चित्र सेकंदाला १४४ वेळा आलटून पालटून टाकतो. हॅमंड यांची १९२२ ची युक्तीच, फक्त झडपेच्या जागी इलेक्ट्रॉनिक गाळणी आली. तरी जुनी लेन्स लगेच अडगळीत गेली नाही. 'अवतार' या थ्री-डी चित्रपटानंतर ज्या थिएटरांना डिजिटल यंत्र परवडत नव्हते, त्यांच्यासाठी टेक्निकलरने २०१० मध्ये वर-खाली चित्रांची ३५ मिलिमीटर पद्धतच नव्या लेन्ससह पुन्हा बाजारात आणली.

जतनाच्या कामात मात्र दोन पट्ट्या आणि एक पट्टी यांचा फरक पुन्हा समोर येतो. पन्नाशीतल्या चित्रपटांच्या डाव्या आणि उजव्या निगेटिव्ह वेगवेगळ्या डब्यांत राहिल्या, वेगवेगळ्या विटल्या, वेगवेगळ्या आकसल्या, आणि काही वेळा एकीचा डबाच हरवला. दोन्ही सापडल्या तर संगणकावर फ्रेमला फ्रेम जुळवून, उभा फरक काढून टाकून, रंग सारखे करून चित्रपट नव्याने उभा करता येतो. 'हाउस ऑफ वॅक्स' आणि 'डायल एम फॉर मर्डर' असेच घरच्या पडद्यावर थ्री-डीत परतले. एकच उरली तर सपाट चित्रपट उरतो. एका पट्टीवरच्या चित्रपटाचे तसे होत नाही. उजेडाची आणि फिल्मच्या जागेची कंजुसी त्यात मुळापासून आहे, पण दोन्ही डोळ्यांची चित्रे एकाच डब्यात असतात, एकत्र विटतात आणि एकत्रच वाचतात. 'कुट्टिचात्तन'मध्ये नवी दृश्ये घालून तो नव्वदीच्या दशकात आणि त्यानंतरही पुन्हा पुन्हा प्रदर्शित करता आला, त्यामागे या एका पट्टीचा वाटा मोठा आहे.